पाचपैकी अडीच

दोन तास त्रेपन्न मिनिटं.
त्यातली पहिली वीस ओळखपरेड,
कार्यालयाच्या दारात वऱ्हाड उतरतं तशी:
हा दगडोबा, ही वीजवाली, हा आरशातला,
आणि ही जुळी, ज्यांचं अजून कुणाशीच पटत नाही.
(नावं माझी. खरी पोस्टरवर आहेत,
ती या वयात उच्चारायला लाज वाटते.)
एकूण एकोणीस जण.
एका जगाला वाचवायला
एकोणीस जरा जास्तच नाही का होत?
आमच्या ऑफिसात अख्ख्या काउंटीच्या पुलांना
आम्ही सहा जण,
त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर.

हो, मी पूल तपासते. पिट्सबर्गमध्ये.
म्हणून तिसऱ्या लढाईत दगडोबा जेव्हा
झुलत्या पुलाची मुख्य केबल उपटतो
आणि जांभळ्या आभाळातल्या कुणाला तरी
आसुडासारखी हाणतो,
आणि थिएटर टाळ्यांनी दणाणतं,
तेव्हा मी मोजत होते.
डेक गेला. मनोरा गेला.
गाड्या होत्या त्यावर, त्या कुठे गेल्या?
पुढच्या दृश्यात पूल जागेवर,
नवा रंगसुद्धा दिलेला.
आम्हाला एका बेअरिंगच्या मंजुरीला
चौदा महिने लागले.

खलनायकाला विश्व संपवायचंय.
का, ते तो सांगतो, पण इतक्या खर्जात
की खुर्च्या थरथरल्या, शब्द पोचले नाहीत.
विनोद आहेत. भाजीला पीठ पेरावं तसे,
प्रत्येक मरणावर चिमूटभर.
वीजवालीचं काम चांगलं. तिला निदान दमलेलं दाखवलंय.
पाचपैकी अडीच.
खरं तर दोन,
पण माझा यांच्यात बारा वर्षांचा जीव अडकलाय.

मी गेले होते त्या ऐकणाऱ्यासाठी.
तुम्हाला आठवत नसेल.
पहिल्या चित्रपटात त्याला एक प्रसंग होता:
मध्यरात्री स्वयंपाकघरात बसून तो
शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा
गळणारा नळ ऐकत राहतो,
आणि शेवटी वैतागून, चपला सरकवून,
तो बंद करायला चालत निघतो.
एवढंच. कुणी मरत नाही.
तेव्हा मी या गावात नवी. पोलिश हिलवर एक खोली,
दिवसभर हातोडीनं काँक्रीट ठोकायचं,
पोकळ वाजलं की खडूनं गोल काढायचा.
तो प्रसंग मी तीनदा जाऊन पाहिला.

या वेळी त्याला दोन वाक्यं.
एक: ‘ते येताहेत.’
(ते आलेलेच असतात. आम्हालाही दिसतात.)
दुसरं अर्धं बोलून होतं,
तोच त्याच्यावर इमारत पडते.
माझा घसा दाटायला लागला होता,
तेवढ्यात जुळ्यांपैकी एकानं विनोद मारला.

नावं धावत होती. मी बसून राहिले,
शेवटी शेपूट असतंच या लोकांचं.
दाराशी झाडू टेकवून एक पोरगा उभा,
छातीवरच्या पट्टीवर ‘डॅरिअस’.
‘एक अंडं आहे,’ तो म्हणाला, ‘त्याला तडा जातो.
मी रोज एवढंच बघतो. सहा खेळ, सहा तडे.
आधी काय होतं?’
मी सांगितलं. मरणारे सांगितले.
‘ऐकणारा? तो कोण?’

मग मी नळाचं सांगितलं.
स्वयंपाकघर, चपला, सगळं.
माझ्या इंग्रजीत ते दोन मिनिटांत संपायला हवं होतं,
पण मी त्याला रस्तेसुद्धा सांगत बसले,
कुठल्या चौकात तो थांबला, कुठे कुत्रं भुंकलं,
जे चित्रपटात होतं की नाही
आता मला नक्की सांगता येणार नाही.
पडद्यावर अंड्याला तडा गेला.
आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

‘मग?’ त्यानं विचारलं. ‘झाला बंद?’
‘वायसर खराब होता.’
‘हां,’ तो म्हणाला,
आणि सांडलेले पॉपकॉर्न सुपलीत ओढू लागला.

बाहेर पार्किंगमध्ये जुन्या पोलाद कारखान्याची
विटांची धुराडी ओळीनं उभी. थंडी.
मागून त्यानं हाक मारली:
पुढचा भाग मे महिन्यात,
मंगळवारी या,
मंगळवारी स्वस्त असतं.