वजनकाटा

मंगळवारचं विमान आता येणार नाही.
कंपनीचं पत्र अडीच ओळींचं,
त्यातली एक ओळ आभाराची.

एकोणीस जागांचं विमान, त्यामुळे
बॅगेसकट माणूसही काट्यावर चढायचा,
आणि मर्लला अख्ख्या गावाचं वजन पाठ.
कोणाला दिवस गेलेत, हे तिला
नवऱ्याआधी कळायचं.
बोलली नाही कधी.

डेझमंड टॅलिस दर महिन्याला
ॲडलेडच्या इस्पितळात जायचा.
ब्याऐंशी. एकोणऐंशी. चौऱ्याहत्तर.
ती आकडा लिहायची, म्हणायची,
"खिडकीजवळची देते."
सगळ्याच जागा खिडकीजवळच्या होत्या.

धावपट्टीवरून कांगारू हाकलायला
आता कोणी जात नाही.
संध्याकाळी ते डांबरावर पसरतात, ऊब आहे तोवर.

काल ती कुलूप लावत होती, तेव्हा डेझमंड आला.
यापुढे गाडीनं, नऊ तास,
भाचा चालवेल म्हणाला.
तिकीट नको होतं त्याला.
टोपी काढली, बूट काढले,
खिशातली किल्लीसुद्धा बाकावर ठेवली
आणि उभा राहिला काट्यावर.

वही कंपनीनं परत मागवलेली.
काटा थरथरून थांबला.

"मागच्या वेळेइतकंच," मर्ल म्हणाली.

"मागच्या वेळी पायांत बूट होते,"
तो म्हणाला,
आणि वाकून नाडी बांधू लागला.