प्रश्न चौथा, गुण दहा

‘सम्राट टायबेरियसच्या नेतृत्वाचे
आधुनिक सिद्धांतांच्या आधारे मूल्यमापन करा.’
प्रश्न मीच काढलाय,
ढोकीच्या स्टँडवर, चहा येईपर्यंत.

आता धाराशिवच्या स्टाफरूममध्ये
त्रेसष्ट उत्तरपत्रिका, पंखा बंद,
आणि नमुना उत्तर, तेही माझंच:
दूरदृष्टी दोन, संवाद दोन, संघबांधणी दोन,
अधिकारांचं वाटप दोन, उरलेले निष्कर्षाला.

बासष्ट पोरांनी माझ्या नोट्स मला परत दिल्यात,
घडीसुद्धा न मोडता.
एकानं ‘टायबेरियस सर’ लिहिलंय.
एकानं शेवटी रेघ मारून: कृपया पास करा,
बहिणीचं लग्न आहे.

त्रेसष्टावी मेहजबीन तांबोळीची. तेरची.
माझ्याच एसटीनं येते, दाराजवळ उभी.
लिहिते:

‘तो नव्हता.
शेवटची अकरा वर्षं रोममध्ये नव्हताच.
बेटावर बसून पत्रं पाठवायचा.
नेता चुकला तर भांडता येतं,
नसलाच तर काय करायचं,
हे कुठल्या सिद्धांतात आहे मॅडम?
एकदा त्याचं लांबलचक पत्र आलं.
सभेत वाचायला घेतलं.
सुरुवात भलतीच, मध्ये इकडचं तिकडचं.
ज्याच्या हाती त्यानं सारं सोपवलं होतं
तो समोरच, बढतीची वाट बघत,
आणि शेवटी: यालाच धरा.
दिवस मावळला तेव्हा माणूस संपला होता.
याला संवादाचे किती गुण?’

मी पेन खाली ठेवते.

आमचे अध्यक्षसाहेब पुण्याला असतात,
बाणेरला, बाराव्या मजल्यावर.
ग्रुपवर त्यांचा आवाज येतो, नऊ-नऊ मिनिटांचा.
आधी सुविचार, मग नातवाचं,
आठव्या मिनिटाला कोणाचं तरी नाव.
मागच्या जूनमध्ये ग्रंथपाल लोंढे सर
ऐकता ऐकता उठले,
डबा घेतला, छत्री विसरले.
अजून कपाटामागं आहे.

पुढचं पान.
‘पण तिजोरी भरून गेला, हेही लिहायला पाहिजे.
दोनशे सत्तर कोटी म्हणतात.
उगीच लढाया केल्या नाहीत.
हिशेबाला चांगला.
तरी मेला तेव्हा लोक ओरडत पळाले,
टायबेरियसला टायबर नदीत फेका.
म्हणजे तेरवाल्याला तेरणेत टाका म्हटल्यासारखं.
आमच्या तेरणेत तेवढं पाणी नसतं.’

इथं मी एकटीच हसले.

‘गावच्या म्युझियममध्ये मातीचं नाणं आहे,
वर भोक, दोऱ्यात ओवायला.
चेहरा परदेशी. अब्बा म्हणतात, टायबेरियस.
अब्बांना तिथले सगळेच चेहरे टायबेरियस.
समजा, तोच असला,
तर तेरच्या कुठल्यातरी बाईनं
त्याला गळ्यात घातलं असेल.
ती दळताना तो हलत असेल.
तिला त्याचं नावही ठाऊक नसेल.
खऱ्या नाण्यानं कर भरावा लागायचा,
ह्यानं कोणाचं काही घेतलं नाही.
माझ्या मते एवढाच त्याचा चांगला कारभार,
तोही त्याला न विचारता झालेला.
निष्कर्ष: लिहायला जागा उरली नाही.’

दूरदृष्टी: कोरं.
संघबांधणी, वाटप: शब्दच नाहीत.
नमुन्याप्रमाणे तीन बसतात, ओढूनताणून.
मी सात लिहिते. खोडते. आठ.
खोडलं की शेजारी सही लागते, नियम आहे.
तासिका तत्त्वावर, सात महिन्यांचं मानधन बाकी,
तरी सही पूर्ण नावाची करते,
वडिलांच्या नावासकट.

फोन थरथरतो. नऊ मिनिटं चाळीस.
आम्ही सगळे आता थेट आठव्यालाच जातो.

साडेपाचची तेर गाडी लागली असेल.
मी फोन पालथा घालते पर्समध्ये,
कपाटामागून छत्री काढते, धूळ झटकते.
बाहेर लख्ख ऊन आहे.
असू दे.