कुंडीवरचा सिंह

सिंह आहे की कुत्रा,
यावर ऑर्मस्विक गावात अजून एकमत नाही.
ज्याने कोरला त्याने सिंह जन्मात पाहिला नव्हता.
मठातल्या कुणा साधूने हात पसरून सांगितलं असेल,
एवढी आयाळ, एवढा जबडा.
आणि कामाच्या दाराशी झोपलेलं असेल
त्याचं मेंढरांमागचं कुत्रं.
म्हणून जबडा ऐकीव आहे,
पण पुढच्या पंजांवर टेकवलेली हनुवटी
अगदी डोळ्यांदेखतची.

गडी डावखुरा असावा.
छिन्नीच्या रेघा उलट्या अंगाला कलतात.
मी त्याला ऑस्गॉट म्हणतो.
आठ-नऊशे वर्षं गावाची पोरं
या दगडापाशी आपापलं नाव घेऊन गेली,
याचंच तेवढं कुठे लिहिलेलं नाही.

काठावर दोन जागी लोखंड मोडून राहिलंय.
तिथे झाकण होतं, झाकणाला कुलूप.
बाप्तिस्म्याचं पाणी रात्री चोरीला जाई:
गाय आटली म्हणून,
नवरा समुद्रावरून परतावा म्हणून,
शेजारणीचं वाटोळं व्हावं म्हणूनही.
किल्ली पाद्र्याच्या कमरेला.
पण हॅविस सुईण किल्लीसाठी थांबायची नाही.
ज्याचा श्वास कुंडीपर्यंत पुरणार नाही
त्याच्या कपाळावर ती
चुलीजवळच्या मडक्यातलंच पाणी लावायची,
चारच शब्द, घाईघाईत;
नाहीतर त्याला कुंपणाबाहेर पुरत,
उत्तरेच्या बाजूला,
जिथे ऊन येत नाही.

मग राजाविरुद्ध पार्लमेंट उठली, त्या वर्षी
ओबादाया केटल घण घेऊन आला.
मूर्ती म्हणजे पाप.
सहा देवदूतांचे चेहरे त्याने
एका सकाळीत सपाट केले.
सातव्या बाजूपाशी घण खाली टेकवला, घाम पुसला,
म्हणाला, हे तर कुत्रं.
कुत्र्याला कोण पुजतंय?

त्यानंतर कुंडी गडगडत गेली
ती थर्लोंच्या गोठ्यात.
तळाच्या भोकाला गोणपाटाचा बोळा.
दोनशे वर्षं गाई प्यायल्या,
आणि त्यांच्या गळ्यांनी घासून घासून
एका बाजूचा काठ असा गुळगुळीत झाला
की आजही हात तिथेच जातो.

त्या गोठ्यात एका फेब्रुवारीत
केझाया नावाची मोलकरीण बाळंत झाली.
एकटीच. कंदील विझवून.
वरचा बर्फाचा पापुद्रा कोपराने फोडून
तिने पोर धुतलं,
आणि नाव ठेवलं.
काय, ते कुणाला कळलं नाही.
रजिस्टरमध्ये त्या महिन्यात
दोन लग्नं आहेत, एक मयत आहे, बाकी कोरं.
पहाटे ती पाणंदीने निघून गेली.
गाई उष्टं-सोवळं मानत नाहीत,
उजाडल्यावर प्यायल्या.

पुढे विकार लारवुड वाट चुकून गोठ्यात शिरले
आणि वासराच्या तोंडाखालचा दगड पाहून
टोपी काढून उभे राहिले.
जेबेझ थर्लोला वाटलं, वासरालाच नमस्कार.
सौदा झाला. चर्चच्या हिशेबवहीत ओळ आहे:
एक नवा लोखंडी हौद, सतरा शिलिंग.
खाली वेगळ्या शाईत:
जुन्या हौदाची ने-आण, बिअरसह, चार.

आता कुंडी गळते.
भेगेत शिसं ओतून पाहिलं, गळतेच.
म्हणून आत निळं प्लास्टिकचं घमेलं ठेवतात,
फोटोत दिसणार नाही असं.
परवाच्या रविवारी उग्ने होती,
साडेचार महिन्यांची,
आई गाजरांच्या कारखान्यात रात्रपाळीला,
आजी लिथुआनियाहून फोनच्या पडद्यावर.
पाणी लागताच पोरीने असा पाय झाडला
की अर्धं घमेलं बाहेर.

सगळे गेल्यावर पेगबाई फडकं घेऊन आल्या.
फरशी टिपली. काठ टिपला.
ओलं नाक पुसलं.
मग दाराकडे एकदा बघून
त्याच्या कानामागे
बोटांनी
थोडं खाजवलं.