चालू रीडिंग

एकतीस वर्षं सेलूतल्या भिंतींकडं तोंड करून उभा राहिलो.
मीटर बघितला, आकडा लिहिला, पुढचं घर.
कुणाचा देव कुठल्या कोनाड्यात, कुणाचं कुत्रं चावरं,
कुणाच्या घरी भर वैशाखात पंखा बंद,
एवढं मला पाठ.
मत कुणाचं कुणाला, कधी विचारलं नाही.
ते युनिटात येत नव्हतं.

आता फरकाचे पैसे आलेत. बायकोच्या दातांचं झालं,
जावयाचं तोंड गोड झालं. उरले नऊ हजार
आणि गावात नगरपालिकेची हवा सुटली.

पहिल्यांदा आला वैजनाथ, पुतण्या, गळ्यात नवं उपरणं.
'काका, साहेबांच्या सभेला हातभार लावा.'
त्या सभेच्या मंडपाला झुंबर होतं.
म्हटलं, बाबा, दुधना दुथडी वाहताना
वरून तांब्या ओतून काय व्हायचं?
'फ्लेक्सवर फोटो येईल तुमचा.'
येईल. आणि महिन्यानं कुणाच्या तरी गोठ्यावर
म्हशींना सावली देईल.

मग युनियनचे गुणवंतराव, हातात पावतीपुस्तक,
अर्ध्याच्या वर कोरं, कडा पिवळ्या.
'पडणार आहोत,' तेच म्हणाले, 'पण उभं राह्यला पाहिजे.'
संपात एका डब्यात जेवलो होतो आम्ही.
पाचशे दिले. पावती घेतली.
ते पैसे निवडणुकीचे नव्हते,
माझी जुनी थकबाकी होती.

रात्री बायको म्हणाली, 'कामून करायलाव इवढा हिशोब?
गॅसचा पाइप बदला आधी.'
बदलला.

तरी झोप येईना. जुना मीटर आठवला,
आतली ती चकती, काठावर लाल खूण.
झोपडीत चाळीसचा एक बल्ब लावला
तरी खूण सरकताना दिसायची.
जिनिंगच्या मीटरवर तोच बल्ब
असला काय, नसला काय.

म्हणून तय्यबाकडं गेलो. पिठाची गिरणी, थ्री-फेज,
बिल कधी थकलं नाही.
मागच्या वेळी चौदा मतांनी गेली.
पाकीट पुढं केलं तर
पिठाचे हात तिनं मागं घेतले.
'पैसे रहने दो चच्चा. पाय द्या.'
आणि गल्ल्याखालून काढून
प्रभागाची कच्ची यादी माझ्या मांडीवर टाकली.
'हरकतीला सहा दिवस आहेत.'

यादी वाचली. डोळे मिटून लाइन चाललो:
पिंपळाचा खांब, रंगाऱ्याचं घर, दोन बोळ, उकिरडा,
पुढं ती नवी वस्ती.
खांबाच्या अलीकडची नावं होती.
पलीकडच्या एक्केचाळीस घरांत मीटर फिरतोय,
आणि यादीत माणूस नाही.
सगळी उचलून टाकलीत रेल्वे लाइनीपल्याडच्या प्रभागात.
चुकून असेल. मुद्दाम असेल.
चौदा मतं.

एक अट घातली तिला,
जो दार उघडंल त्याचा अर्ज भरीन,
तुझा का त्याचा, विचारणार नाही.
ती जात्याचा पट्टा ओढत म्हणाली,
'मी कुठं म्हटलं विचारा?'

आज चौथा दिवस. गुडघा सुजलाय.
झेरॉक्सला दोनशे साठ गेले, बाकीचं पाकीट
तांदळाच्या डब्यात तसंच. ठरलं नाही अजून.
बायको कालपासून बोळाच्या डाव्या बाजूला जाती,
तिला बाया चहा देतात, मला देत नाहीत.
वैजनाथ चौकात दिसला, त्यानं मान फिरवली.

आणि त्या वस्तीत मला लांबून बघितलं
की अजून दोघं-तिघं जिन्याकडं पळतात,
तारेवरचा आकडा काढायला.
मी खालूनच ओरडतो,
राहू द्या रे आकडा.
नाव सांगा.