कडेवरचं नाव

बुधवारी गंगेवर, भाजीवाल्यांच्या पलीकडे
मुनीरभाई गोणपाट अंथरतात:
बिनचावीची कुलपं, पितळी नळ, एका दांडीचे चष्मे.
माझ्यासाठी बिस्किटाचा डबा वेगळा.

छत्तीस वर्षं नोट प्रेसला नोटा तपासल्या,
भिंग काही हातातून सुटलं नाही.
राजाचं नाक झिजलंय, झिजू दे.
मी बिल्ला फिरवतो, कड वाचतो:
नंबर दोन तीन चार एक, शिपाई सावळा भागू,
मराठा पलटण.
वर कुणीतरी कडी डाखवलेली, गळ्यात घालायला.
बायकोनं? की पुढे नातवाच्या करगोट्याला?

"सराफाकडे गेला असता तर आत्तापर्यंत
कुणाचे तरी पैंजण झाला असता,"
मुनीरभाई म्हणाले, आणि पावणेतीन तोळ्यांचा भाव लावला.
चांदीचाच.
नावाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

तसाच रामकुंडावर गेलो.
उपाध्यांच्या ओसरीवर लाल कापडातल्या वह्या,
सात सात पिढ्यांच्या सह्या.
"गाव?"
पलटण सांगितली. नंबर सांगितला.
बसऱ्याला गेला असावा, म्हणालो.
"अहो, गाव सांगा, गाव."
कडेवर गाव नव्हतं. सरकारला लागलं नसेल.
वही मिटली.

ड्रॉवरमध्ये एकेचाळीस जण पाठीवर निजलेत.
सावळा भागूला टेबलावर उभा केलाय,
कडी खाली, नाव वर.
कलंडतो सारखा.
काडेपेटीचा टेकू दिलाय.