उणे अडतीस

गोंचिग म्हणतो, रशियन जीपच बरी.
बिघडली तर हातोडी, तार, चार शिव्या,
एवढ्यावर गोबीतून घरी येते.
शंभर किलोमीटरला अठरा लिटर पिते,
हे मात्र तो खाली बघून सांगतो.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडते.
जपानहून आलेली हायब्रिड, तेरा वर्षांची,
स्टिअरिंग उजवीकडे, आणि पडद्यावरची बाई
अजून जपानीतच कसली तरी विनवणी करते.
शंभरला पाच लिटर.
उलान बातरच्या टॅक्सीला आणखी काय हवं?

पण बॅटरी?
"बॅटरी गेली की..." सेवजिद मेकॅनिक म्हणाला
आणि वाक्य तसंच सोडून चहात मीठ ढवळत बसला.
अठ्ठावीस सेलपैकी दोन मेलेले त्यानं बदलले,
उरलेल्या सव्वीसांच्या भरवशावर
तीन हिवाळे काढलेत मी.
नव्या बॅटरीचा आकडा
पावतीवर लिहिलाय, बारीक अक्षरात,
म्हणजे लहान दिसावा.

आज उणे अडतीस.
जीपच्या पोटाखाली गोंचिग आडवा,
हातात ब्लोलॅम्प, इंजिनचं तेल मधासारखं गोठलेलं.

मी बटण दाबते.
काही आवाज नाही.
रोज याच क्षणी पोटात गोळा येतो:
ही शांतता सुरू झाल्याची,
की संपल्याची?

मग एक हिरवं अक्षर उगवतं.

काळवंडलेले हात पुसत गोंचिग येतो,
डावीकडचं दार उघडून बसतो.
"जीपच बरी," म्हणतो,
आणि पट्टा लावतो.