खालून वर

एप्रिल. हियुमा बेटावर बर्फ उरलाय तो शेडच्या उत्तरेला,
मळक्या टॉवेलसारखा, सावलीपुरता.
आत नारिंगी मोटरसायकल,
हँडल जरा वळवून ठेवलेलं,
क्लचच्या टाकीतली पातळी आडवी यावी म्हणून.
टाकी कसली, काडेपेटीएवढी डबी.
झाकणाला दोन स्क्रू, मऊ धातूचे,
एकदा डोकं गेलं की गेलं.
आधी दाबायचं, मग फिरवायचं.

तीन आठवडे लिव्हर पोकळ लागत होती.
पहिला गिअर टाकताना आतून दात खाल्ल्याचा आवाज,
आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडायचा नाही,
अंधारात एक चप्पल सापडू नये तसा.
निदान सोपं होतं: हवा.
तेल दबत नाही,
बोटांनी सांगितलेलं जसंच्या तसं खाली पोचवतं.
हवा सगळं ऐकून घेते, मान डोलावते,
पुढे काही सांगत नाही.
आमच्या वॉर्डातही अशी आहेत,
बरीचशी डॉक्टर.

हवा शिरली कुठून, ते काल कळलं.
खालचा सिलिंडर उघडला,
चेनचं काळं ग्रीस नखांत घेऊन,
तर रबराची रिंग फुगलेली.
माणसं फुगून बसतात तशी,
कुणाशी न बोलता, जागच्या जागी.
नवीन रिंग फेरीबोटीने आली, पाकिटात, नाण्याएवढी.
जुनी मी वर्तमानपत्रावर ठेवली.

काल्यू दारात आला. वय एक्क्याऐंशी.
गाडी त्याचीच होती, चार वर्षांपूर्वीपर्यंत.
दर वसंतात येतो, उंबऱ्याच्या आत येत नाही,
टोपी हातात धरून मला चुका सांगतो.
आज काही सांगेना.
वर्तमानपत्राकडे बघत राहिला.

मग म्हणाला, 'त्या हिवाळ्यात बोटी बंद होत्या.
फळीवर ब्रेकचं तेल होतं.
म्हटलं, तेल ते तेल.'

झाकणावर अक्षरं कोरलेली आहेत, ठळक,
फक्त मिनरल ऑइल.
मी ती वाचून दाखवली नाहीत.
रात्रपाळीत पहाटे तीनला
लोक मला याहून बरंच काही सांगतात,
आणि तेव्हाही मी फक्त उशी नीट करते.
'हा पाना धर,' म्हटलं. 'आठ नंबर.'
तो आत आला.

सिरिंज साठ मिलीची, वॉर्डातली, मुदत संपलेली;
घरी कशी आली ते विचारू नका.
तेल भरलं, सुईच्या जागी पारदर्शक नळी,
उभी धरून नखाने टिचकी मारली.
वीस वर्षं हेच नख, हीच टिचकी.
सलाइन वरून खाली सोडतो आम्ही.
इथे उलट:
काल्यूने निपल पाव फेरा सैल केला,
मी खालून ढकलत गेले, हळू,
म्हाताऱ्या शिरेत ढकलावं तसं.
वर डबीत आधी काहीच नाही.
मग एक बुडबुडा.
मग त्याच्या मागे चारपाच बारीक, घाईत,
शाळा सुटल्यासारखे.
'बंद कर,' मी म्हटलं. त्याने बंद केलं.
त्याची बोटं सांध्यांत सुजलेली आहेत,
पण पाना सरकला नाही.

असं सहा वेळा. जास्तीचं तेल वरून शोषून घेतलं,
झाकणाखालचं रबर पुसून बसवलं.
लिव्हर नव्वद टक्के आली.
उरलेल्या दहाला माणसाचा उपाय नाही, रात्रीचा आहे:
लिव्हर दाबून हँडलला बांधायची
आणि निघून जायचं.
जी हवा कुठे कोपऱ्यात अडकलीय
ती आपली आपण वर येते.
मी बँडेजने बांधली. ड्यूटीवर गेले.

सकाळी परतले तर शेडचं दार उघडं.
बँडेज सोडून, नीट गुंडाळून सीटवर ठेवलेलं.
काल्यू गाडीशेजारी, लिव्हर दोन बोटांनी दाबून धरलेली,
सिग्नलला थांबलेल्या माणसासारखा.
आमच्या रस्त्याला सिग्नल नाही.
मी टाचा न वाजवता उभी राहिले.
बराच वेळाने त्याने ती सोडली, सावकाश, अर्ध्यावर थांबत,
जिथे गाडी पहिल्यांदा पुढे जायला बघते तिथे,
आणि मला बघून म्हणाला,
'जड झालीय.'

चहा ठेवायला आत जाताना पाहिलं,
वर्तमानपत्र तिथेच होतं, तेलाचा गोल डाग पडलेलं.
फुगलेली रिंग नव्हती.